आपल्या वाट्याचे कागद



गेल्या कार्तिकी वारीहून परतल्यावरची गोष्ट. आमच्या घरी तिच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे ठरत होते. खर्चाचा आकडा कानावर आला तेव्हा मी ओसरीवर बसलो होतो. आकडा ऐकून मी डोळे मिटले आणि सवयीने म्हणालो, "पांडुरंग पाहून घेईल." शेजारी नातू मोबाईल बघत बसला होता. कॉलेजला जाणारा पोरगा, उद्धट मुळीच नाही. त्याने मान वर केली आणि विचारले, "आजोबा, कीर्तनात तुम्ही सांगता की भक्ताचा भार देव वाहतो. मग आजपर्यंत आजीचा भार कोणी वाहिला?"

माउली, चाळीस-पंचेचाळीस वर्षे वीणेपुढे उभा राहिलो. शंका घेणारे श्रोते पुष्कळ भेटले, त्यांना उत्तरेही दिली. या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते. थोड्याच वेळात ती आतून पत्र्याची पेटी घेऊन बाहेर आली. पेटीत बचत गटाचे पुस्तक होते, पोस्टाचे पुस्तक होते आणि रुमालात बांधलेल्या काही नोटा होत्या. म्हशीचे दूध, शेरडांची विक्री, परसातली भाजी यांतून वीस वर्षांत तिने मागे टाकलेले हे पैसे. निम्मा खर्च त्यातून भागला. उरलेला निम्मा मुलाने आपली ठेव मोडून भरला आणि त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही. मी मात्र आयुष्यभर जे मिळाले ते वाटून मोकळा झालो होतो, आणि त्या रिकामेपणाचा मला अभिमान होता.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे, तोच आज आपल्यापुढे मांडतो. म्हातारपणासाठी पैसा मागे ठेवणे हा देवावरचा अविश्वास आहे का? आणि न ठेवणे म्हणजे वैराग्य आहे का?

आधी आमच्या घरातल्या पिढ्यांचे सांगतो. आपल्या घरीही थोड्याफार फरकाने हेच असेल.

माझ्या वडिलांच्या दृष्टीने धन म्हणजे कणगीतले धान्य, दावणीची जनावरे आणि पोरांची संख्या. पैसा त्यांच्या हाती क्वचित यायचा आणि आला की लगेच जायचा. निवृत्तीचा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण निवृत्तीची रीत ठाऊक होती. मोठा मुलगा नांगराला लागला की बापाने हळूहळू मागे सरायचे, गळ्यात टाळ घालून महिन्याची वारी धरायची, आणि घरी आल्यावर सुनेने वाढलेली भाकरी निमूट खायची. ही रीत त्यांनी पाळली आणि ती निभावली. का निभावली, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. जमीन एकत्र होती. आजारपण लांबत नसे, माणूस आठवड्यात बरा होई नाहीतर जाई. आणि घरातल्या बायका पहाटेपासून जात्यावर, विहिरीवर, रानात राबत होत्या. त्या काळातल्या म्हाताऱ्यांचे पेन्शन म्हणजे या बायकांच्या हाडांची काडे होती. विधवा चुलत्या-मावश्यांचे त्या एकत्र कुटुंबात काय होई, तेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून जुने ते सगळे सोने, असे मी म्हणणार नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कणगी तळाला गेली. मी तेव्हा विशीत होतो. दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथे मिळणारी सुकडी खाल्ली, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. वडील म्हणत, "देवाने दिले, देवाने नेले." मी मात्र तेव्हा मनाशी ठरवले होते की हाती चार पैसे असले पाहिजेत. पुढे कीर्तनाच्या नादात ते ठरवलेले विसरलो, हा भाग वेगळा.

आमच्या भागात पगार म्हणजे काय हे लोकांनी पाहिले ते वालचंदनगरमुळे. वालचंद हिराचंद यांनी 1930 नंतरच्या दशकात इथल्या माळावर साखर कारखाना उभा केला, वसाहत वसवली. पुढे भवानीनगरला सहकारी कारखाना झाला. महिन्याच्या महिन्याला पैसे, भविष्य निर्वाह निधीची कपात, साठी जवळ आली की हार घालून निरोप, हे सारे शेतकऱ्याला नवे होते. नीरेच्या पाण्याने ऊस वाढला तसे उसाचे बिलही हातात येऊ लागले. आमच्या पिढीला पहिल्यांदा मोठी रक्कम एकदम दिसली. आणि आम्ही काय केले? बिल येण्याआधी सोसायटीचे कर्ज, बिल आल्यावर लग्नाचा मांडव. पैसा होता, पण तो पुढच्या वर्षाचा आधीच खाल्लेला. वडिलांच्या पिढीकडे पैसा नव्हता आणि कर्जही बेताचे होते. आमच्या पिढीकडे दोन्ही आले.

माझा मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याचे सगळे कागदावर असते. घराच्या कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडातली महिन्याची एसआयपी, पोरांच्या शिक्षणाची वेगळी ठेव. साठीनंतर किती लागतील याचा त्याने हिशेब मांडला आहे. मी एकदा आकडा विचारला, त्याने सांगितला. दोन वर्षांनी पुन्हा विचारला तर आकडा वाढलेला. "महागाई धरली, दादा," तो म्हणाला. तो वाईट वागत नाही, कोणाचे बुडवत नाही, दारू-जुगार नाही. पण रात्री झोपेत कूस बदलत राहतो. त्याचा आजोबा रिकाम्या कणगीशेजारी घोरत असे.

आणि नातू? तो म्हणतो, चाळिशीतच निवृत्त व्हायचे. मी विचारले, "चाळिशीत निवृत्त होऊन करशील काय रे?" तो हसून म्हणाला, "तुमच्यासारखी वारी." मीही हसलो. पण मनात म्हटले, पोरा, वारीला जायला निवृत्त व्हावे लागत नाही. आमच्या दिंडीत मजूर आहेत, मास्तर आहेत, भाजी विकणाऱ्या बाया आहेत, आणि वारी करून सगळे आपापल्या कामावर परत जातात.

तर अशा या पिढ्या. एकाने सारे मुलांवर सोपवले, दुसऱ्याने देवावर, तिसऱ्याने आकड्यांवर. चौथ्याला सगळ्यातून लवकर सुटायचे आहे. यांत बरोबर कोण?

माउली, अशा वेळी आपण वारकऱ्यांनी देहूकडे पाहावे. पैसा आणि पिढ्या यांचा विषय तुकोबारायांच्या घराण्याइतका उघडा दुसरीकडे कुठे दिसत नाही.

विश्वंभरबाबांपासून त्या घरी पंढरीची वारी होती. त्याबरोबर महाजनकी होती, शेती होती, दुकान होते, सावकारी होती. म्हणजे भक्ती आणि धन त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओसरीवर बसत होते. बोल्होबांचे वय झाले तेव्हा त्यांनी कारभारातून अंग काढून घ्यायचे ठरवले. याला आज आपण निवृत्ती म्हणतो. थोरले चिरंजीव सावजी. पण त्यांचे मन विरक्त, त्यांनी व्यवहार घेतला नाही. मग तो भार तुकोबांच्या कोवळ्या खांद्यावर आला. परंपरा सांगते की तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. बोल्होबांची व्यवस्था चांगली होती. मुलगा कर्ता, दुकान चालते, कुळे ठरलेली. तरीही चार-सहा वर्षांत आई-वडील गेले, भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले, आणि शके 1552 च्या सुमारास, म्हणजे इसवी सन 1630-31 मध्ये, तो महाभयंकर दुष्काळ पडला. दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखुमाबाई आणि मुलगा संतू अन्नावाचून गेले. इथे एक गोष्ट शिकावी: कितीही नीट तरतूद करा, काळापुढे ती अपुरी पडू शकते. माझ्या मुलाचा आकडा दर दोन वर्षांनी का वाढतो, त्याचे हे कारण आहे. भीतीला पुरेल इतका पैसा कोणत्याही टांकसाळीत पडत नाही.

पुढची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली. मी ही कथा शेकडो वेळा सांगितली असेल. टाळ्या घेतल्या, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणले. पण ज्या दोन गोष्टी त्या कथेतच आहेत, त्यांवर मी कधी नीट थांबलो नव्हतो. नातवाच्या प्रश्नानंतर थांबलो.

पहिली गोष्ट अशी. तुकोबांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा होते. त्यांनी विचारले असेल की तुम्ही विरक्त झालात, आम्ही काय खावे? तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याचे तेवढेच कागद पाण्यात सोडले. भावाने संसार करावा की भक्ती, हे त्याच्यासाठी यांनी ठरवले नाही. केवढा विवेक आहे पाहा! वैराग्याच्या ऐन भरातही हिशेब सुटला नाही. मनुष्याला त्याग करता येतो तो फक्त स्वतःच्या वाट्याचा. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग केला तर त्याला त्याग म्हणत नाहीत; त्याला दुसरे नाव आहे आणि ते चांगले नाही.

दुसरी गोष्ट. बुडवलेले कागद हे लोकांकडून येणे असलेल्या पैशांचे होते. तुकोबांनी लोकांकडचे आपले येणे सोडले. लोकांचे आपल्याकडचे देणे बुडवले नाही. आज काही जण बँकेचा हप्ता थकवतात, दुकानदाराची उधारी ठेवतात आणि वर म्हणतात, "आम्हाला पैशाचा मोह नाही." आपले येणे सोडणारा साधू. दुसऱ्याचे देणे सोडणारा काय, ते आपणच ठरवा.

या दोन मापांनी मी माझे आयुष्य मोजायला बसलो.

कीर्तनाची कधी ठरवून बिदागी घेतली नाही. कथा विकणारा आणि विकत घेणारा या दोघांनाही तुकोबारायांनी फार कडक शब्दांत सुनावले आहे, आणि ते माझ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी कानात घातले होते. नारळ-बुक्का घ्यायचा, कोणी प्रेमाने पाकिटात काही घातले तर नाकारायचे नाही, मागायचे मात्र नाही. हे व्रत मी पाळले आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण आलेल्या पाकिटाचे मी काय करीत असे? बहुतेक वेळा ते तिथल्याच सप्ताहाच्या अन्नदानाला, नाहीतर मंदिराच्या सभामंडपाला देऊन टाकी. दोन-तीन गावांच्या मंदिरांत माझ्या नावाची फरशी आहे. लोक म्हणत, महाराज निःस्पृह आहेत. महाराज घरी येत तेव्हा घरी पीठ असे, दूध असे, धोतर धुऊन ठेवलेले असे. ते कुठून आले, हे महाराजांनी कधी विचारले नाही.

माउली, शेत तिने पाहिले. पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर बांधावर ती गेली. म्हशीच्या शेणात हात तिचे होते. पोरांच्या शाळेची फी तिने भरली. ती राबली म्हणून मला निःस्पृह राहता आले. माझ्या वैराग्याचे भांडवल तिचे होते आणि फरशीवर नाव माझे होते. ज्या पाकिटात तिचा निम्मा वाटा होता, ते मी अख्खे इंद्रायणीत सोडत आलो. कान्होबांना त्यांचा वाटा देणारे तुकोबा मी रोज सांगितले आणि घरातल्या कान्होबाला विसरलो.

यावर कोणी म्हणेल, तुकोबांच्या जिजाईचे तरी काय? खरे आहे. तुकोबारायांच्या घरीही ओढग्रस्त होती आणि जिजाईंनी ती सोसली. कीर्तनकार मंडळी जिजाईंच्या त्राग्यावर श्रोत्यांना हसवतात. मीही हसवले आहे. आता वाटते, तो हशा मी घ्यायला नको होता. डोंगरावर भाकरी घेऊन जाणाऱ्या बाईने एखादा कडक शब्द बोलला तर तो ऐकून घेण्यासारखा असतो, हसण्यासारखा नसतो. तुकोबारायांनंतर पोरे तिने सांभाळली. वडिलांच्या प्रयाणाच्या वेळी जे पोटात होते, ते नारायण महाराज पुढे मोठे झाले आणि 1685 साली त्यांनी पालखी सोहळा सुरू केला. आज लाखो पावले ज्या वाटेने चालतात, ती वाट घालणारे मूल त्या माउलीने वाढवले आहे. म्हणजे पित्याने आपल्या वाट्याचे कागद बुडवले, चुलत्याने आपल्या वाट्याचा संसार केला, मातेने पोरे जगवली, आणि पुत्राने परंपरा उभी केली. घराण्यात सगळ्यांनी एकसारखेच वागावे असे नसते. प्रत्येकाचा वाटा प्रत्येकाला मिळावा, एवढे मात्र असते.

आता योगक्षेमाकडे येतो, कारण नातवाचा प्रश्न तिथेच होता. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत अनन्य भक्ताच्या योगक्षेमाचे वचन देतात. योग म्हणजे नसलेले मिळणे, क्षेम म्हणजे मिळालेले टिकणे. म्हणजे पाहा, मिळवणे आणि राखणे या दोन्ही गोष्टी देवाने आपल्या कामात धरल्या आहेत. राखणे हे जर पाप असते तर त्याने क्षेमाची जबाबदारी घेतली असती का? आणि देव हे काम करतो कसा? आकाशातून पिशवी टाकीत नाही. तो कोणाच्या तरी हातांनी करतो.

पैठणला नाथांच्या घरी बारा वर्षे श्रीखंड्या पाणी भरत होता, ही कथा आपण जाणता. नाथांना तो साधा गडी वाटला. द्वारकेहून देवाला शोधत एक ब्राह्मण आला तेव्हा उलगडा झाला आणि श्रीखंड्या दिसेनासा झाला. नाथ कळवळले, की आपण देवाकडून कावडी वाहवल्या. माझ्या दारात तो द्वारकेचा ब्राह्मण नातवाच्या रूपाने आला, असे मी समजतो. श्रीखंड्या पेटी घेऊन आतून बाहेर आला. नाथांच्या वाट्याला पश्चात्तापच उरला. माझे भाग्य एवढे की माझा श्रीखंड्या अजून घरात आहे आणि काठी टेकत का होईना चालतो आहे. नातवाला मी उत्तर दिले ते हे: "तुझ्या आजीचा भार तिनेच वाहिला, आणि माझाही तिनेच वाहिला. मी तो देवाच्या नावावर मांडत आलो. नाव चुकले नव्हते, पण घरातला देव मी ओळखला नाही."

तर मग पैसा मागे ठेवावा की नाही? माउली, आपल्या दिंडीकडे पाहा, उत्तर तिथे आहे. दिंडीत नाव घातले की आपण भिशी भरतो. दिंडीचा चालक ज्येष्ठातच किराणा भरतो, ट्रक ठरवतो, पाण्याच्या टँकरची सोय लावतो, तंबू तपासतो. देव भार वाहील म्हणून कोणी चालक कोठी रिकामी ठेवून देहूहून निघत नाही. निघाला तर आपण त्याला भक्त म्हणणार नाही, बेजबाबदार म्हणू. आणि तोच चालक किराणा भरतो तो किती? पंढरीपर्यंतच्या अठरा-वीस दिवसांचा, वर चार पाहुण्यांचा. शंभर वर्षांचा भरत नाही. भरला तर ट्रक हलणार नाही. आमच्या गावावरून वाहत गेलेलीच नीरा पुढे सराटीला तुकोबारायांच्या पादुकांना स्नान घालते. तिथपर्यंत दिंडी आली की कोठीवाला पोती मोजतो. पंढरी जवळ आली, पोती रिकामी होत आली, म्हणजे हिशेब बरोबर आहे. आयुष्याची शिदोरीही अशी असावी. मुक्कामापर्यंत पुरेल इतकी, वाटेत कोणी भुकेला भेटला तर त्याला देता येईल इतकी, आणि खांदा मोडणार नाही इतकीच.

हिशेब ठेवणे हेही भक्तीच्या आड येत नाही. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना नाथांनी एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागवली आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी त्यांना वही फेकून दे असे सांगितले नाही. हीच एकाग्रता देवापायी लाव, असे सांगितले. ज्याची वही स्वच्छ, त्याचे मन देवापुढे बसताना मोकळे. तुकोबारायांनीही पैसा मिळवू नका असे म्हटलेले नाही. चोख व्यवहाराने मिळवा आणि त्यात जीव न अडकवता खर्च करा, एवढीच त्यांची अट आहे.

आता वयाच्या अधिकाराने चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. कीर्तनात त्या सांगत नाहीत, पण पारावर बसून सांगायला हरकत नाही.

माझ्या वयाच्या वारकऱ्यांना पहिली विनंती. हयातीतच सगळी जमीन मुलांच्या नावावर करून हात झटकू नका. मुले वाईट आहेत म्हणून नव्हे. आपण ओझे झालो तर चांगली मुलेही ओझ्याखाली वाकतात. बक्षीसपत्र करायचेच असेल तर आमचा सांभाळ करावा ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 साली कायदा झाला आहे. अशी अट असून ती मोडली तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते, आणि पोटगीसाठी प्रांताकडे दाद मागता येते. कायद्याची पायरी चढायची वेळ कोणावर न येवो, पण पायरी आहे हे ठाऊक असावे.

दुसरी. सातबाऱ्यावर घरच्या माउलीचे नाव लावा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली होती, पुढे सरकारनेही त्या नावाची योजना आणली. आपण दारात तुळस लावतो आणि सातबाऱ्यावर तिच्यासाठी एक ओळ लिहीत नाही, हे बरे दिसत नाही.

तिसरी. ज्यांना खरोखर आधार नाही, त्यांनी सरकारी मदत घेण्यात कमीपणा मानू नये. पासष्ट वर्षांवरच्या गरजूंना श्रावणबाळ योजनेतून महिना 1500 रुपये मिळतात. तहसीलमध्ये अर्ज करावा लागतो. कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांचे किमान पेन्शन 2014 पासून महिना 1000 रुपये आहे. एवढ्यात म्हातारपण निघत नाही हे खरे, म्हणून तर तरुणांना सांगायचे. चाळिशीच्या आत असाल तर 2015 पासून अटल पेन्शन योजना आहे. आज थोडे थोडे भरले तर साठीनंतर महिना 1000 ते 5000 रुपये ठरल्याप्रमाणे मिळतात. एकादशीचा उपवास जसा ठरल्या दिवशी करतो, तशी ही बचत ठरल्या दिवशी करावी.

चौथी. सणाला, लग्नाला, तेराव्याला कर्ज काढू नये. गाडगेबाबांनी हे गावोगाव ओरडून सांगितले. स्वतःपाशी एक गाडगे आणि अंगावर चिंध्या, आणि लोकांच्या पैशातून नाशिक, पंढरपूर, आळंदी इथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या. 1956 साली बाबा गेले. आपण अजून मांडवासाठी सोसायटीचे उंबरे झिजवतो.

आणि माझ्या मुलाच्या वयाच्या मंडळींना एकच सांगणे. तुम्ही हिशेब मांडता हे चांगले करता, आम्ही मांडला नाही. पण त्या वहीत एक रकाना कमी आहे: पुरे कधी म्हणायचे, त्याचा. तो रकाना पैशाने भरत नाही. रोज हरिपाठाला बसता तेवढ्या वेळात तो आपोआप भरत जातो. माझ्या वडिलांपाशी तो रकाना भरलेला होता, म्हणून त्यांना झोप लागे. त्यांचा विश्वास आणि तुमची वही एका घरात नांदली तर पांडुरंगाला दुसरे काय हवे?

शस्त्रक्रिया झाली. ती आता अंगणापर्यंत चालते. दिवाळीनंतर आम्ही दोघे तलाठ्याकडे जाऊन आलो. तिच्या नावाचा अर्ज दिला. कीर्तने थांबली असली तरी अजून कोणी प्रवचनाला बोलावते, पाकीट देते. ते मी घरी आणतो आणि न उघडता तिच्यापुढे ठेवतो. ती उघडते, दोन वाटे करते. एक पेटीत टाकते, दुसरा माझ्याकडे सरकवते आणि म्हणते, "हा तुमचा. आता कुठे सोडायचा तिथे सोडा." पहिल्या वेळी ते ऐकून मी गप्प बसलो. माझ्या वाट्याचे निखळ माझे असे मी तोवर काही दिलेच नव्हते, हे तेव्हा समजले. त्या वाट्यातून येत्या आषाढीला दिंडीतल्या एका निराधार बाईची भिशी भरायची ठरवली आहे. यावेळी फरशी लावायची नाही.

माउली, आज घरी गेल्यावर आपणही आपली पेटी काढा. काय आपले, काय दुसऱ्याचे, काय देणे, काय येणे, हे घरच्यांना जवळ बसवून मोजा. मग आपल्या वाट्याचे काय राखायचे आणि काय सोडायचे, ते देवाला साक्षी ठेवून ठरवा.

रामकृष्ण हरी.